मंगलने सोडलेली मासळी

माझ्या डाव्या पायाला चार बोटं आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. करंगळी साखरेनं नेली. पण लिहायला बसलोय ते करंगळीसाठी नाही. माझ्यापायी माझ्या बायकोनं मासळी सोडली होती, त्यासाठी.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. कसालला माझं मोटरपंप आणि पाइपांचं दुकान आहे. तिथेही गिऱ्हाईक बोलतं, मी पंप चालू करून दाखवतो. त्यामुळे हे लिहिणं जड जातंय. पण ज्यांना नुकतीच साखर निघाली आहे, ज्यांच्या घरात पथ्याचं रांधप सुरू झालंय, त्यांना रोज कुणीतरी सांगत असणार, ‘एक दिवस खाल्लं म्हणून काय होतंय?’ आणि दुसरं कुणीतरी, ‘एक घासही खाऊ नका.’ मी दोन्ही वाक्यांच्या आड लपून बघितलंय. म्हणून लिहितो.

बोट

दुकानात पाइप उतरवताना एक पायावर पडला. करंगळीला जखम झाली. मी हळद दाबली आणि कामाला लागलो. दुखत नव्हतं, म्हणून मी खूश होतो. न दुखणं हीच वाईट बातमी असते, हे मला कोण सांगणार?

वास आधी मंगलला आला. मोजे धुवायला घेतले आणि तशीच ते हातात धरून पडवीत आली. “पाय दाखवा.” मी म्हटलं, “काय नाय, सुकतली.” ती म्हणाली, “सुकतली ती जखम अशी वास मारना नाय. चप्पल घाला.”

कुडाळच्या दवाखान्यात सिस्टरनं बोट टोचलं, थेंब यंत्राला लावला. आकडा आलाच नाही. नुसतं ‘हाय’ असं आलं. पंपवाल्याचं डोकं माझं, मी म्हटलं, “सेल बदलून बघा.” सिस्टर म्हणाली, “काका, यंत्र बरोबर आहे. तुमची साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेलीय.”

मंगलनं पहिला प्रश्न विचारला तो असा: “म्हणजे आता भात बंद?”

मला राग आला. इथे माझं बोट कुजतंय आणि हिला भाताचं पडलंय. खूप नंतर कळलं, त्या खोलीत जे जे बोललं गेलं त्यातली एकच गोष्ट तिच्या हातातली होती. तिनं तीच धरली.

वॉर्ड

करंगळी काढली. जखम भरेना म्हणून मुक्काम वाढत गेला. सकाळी सिस्टर ट्रे घेऊन येई आणि विचारी, “आज खंयच्या बोटाची पाळी, काका?” मी बोट निवडून पुढे करायचो. दिवसभर दुसरेच लोक माझ्याबद्दल सगळं ठरवत असत, तेवढं एक बोट मी ठरवायचो. त्या बाईला ठाऊक नसेल, पण त्यावर माझा दिवस निघायचा.

ड्रेसिंगच्या वेळी मी पायाकडे बघत नसे. डॉक्टरांच्या कपाळाकडे बघायचो. आठी पडली की समजायचो, शेजारचं बोट धोक्यात आहे.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला घरून डबा येई. उघडला की कालवणाचा वास सगळ्या वॉर्डभर. मंगल जेवायला नेहमी बाहेर, मागच्या पायऱ्यांवर जायची आणि हात साबणानं धुऊन यायची, माझ्यापर्यंत वास येऊ नये म्हणून.

सुट्टी मिळायच्या आधी आहारतज्ज्ञ बाई आल्या. तरुण होत्या, मुलीसारख्या. त्यांनी विचारलं, “जेवणात नारळ किती वापरता?”

मंगल म्हणाली, “लागतो तेवढा.”

बाई हसल्या. मग नीट समजावलं. भात वाटीभर, भाजी दुप्पट, मासे खा पण तळून नकोत, वाटपात नारळ कमी. आणि शेवटी म्हणाल्या, “आठवड्यातून एक जेवण तुमच्या आवडीचं ठेवू. कोंबडी-वडे आवडतात? दोन वडे खा. फक्त आधी ठरवून, घरी, सगळ्यांबरोबर बसून.”

“नको,” मी म्हटलं. “एकदा सैल सोडलं की सुटलंच. माझ्यासाठी ते जेवण धरूच नका.”

नुकतंच बोट गेलं होतं, भीती खरी होती. पण नुसती भीती नव्हती. मंगल माझ्याकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल असं कौतुक मी फार वेळा पाहिलं नव्हतं. गावात आल्यावर तिनं ते वाक्य घरोघरी सांगितलं. “डॉक्टरीण खा म्हणता, पण हे नको म्हणतत!”

झालं. मी माझ्याच वाक्यात अडकलो.

दोन चुली कित्याक

मंगल माझ्यासारखंच जेवायला लागली. मी म्हटलं, तू का? तर म्हणे, “दोघांच्या घरात दोन चुली कित्याक?” नारळाची खोवणी भिंतीला टेकून राहिली. वडे, घावन, आंबोळ्या सगळं गेलं. सोलकढी इतकी पातळ झाली की माझा चुलत भाऊ बाबल एकदा वाटी उजेडात धरून म्हणाला, “वयनी, ह्या कढयेक नारळ नुसतो दाखवलंस काय गो?”

“दादाक विचार,” ती अभिमानानं म्हणाली. “त्यांका चलता, तर तुका काय झाला?”

पहिल्यांदा मोडलं ते अगदी साधं होतं. एका गिऱ्हाइकाच्या बोअरला पाणी लागलं. तो मला कसालच्या नाक्यावर हॉटेलात घेऊन गेला आणि बटाटावड्यांची बशी पुढे ठेवली. मी खाल्ले. काही झालं नाही. पायाचं बोट गळून पडलं नाही. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक लागलं नाही, मी एकटाच गेलो. मग जत्रेतला खाजा, मग कोंबडी-वडे. खाऊन झालं की साबणानं हात धुवायचे आणि बडीशेप चघळत गाडीला किक मारायची. मंगल दवाखान्यात हात धुऊन यायची ती माझ्यासाठी. मी धुवायचो तिच्यापासून लपवायला.

घरी येऊन पानावर बसायचो. पोट भरलेलं, त्यामुळे नाचणीची अर्धी भाकरी उरायची. ती म्हणायची, “जेवाणच कमी झाला तुमचा. किती मन मारतास!”

हे वाक्य मी किती दिवस ऐकलं आणि पडवळाच्या भाजीकडे बघत बसलो.

साखर उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली, पुढच्या वेळी आणखी वाढवली. विचारलं, “पथ्य पाळता ना?” मी तोंड उघडायच्या आत मंगल म्हणाली, “डॉक्टर, यांच्यासारखं पथ्य कुणी पाळणार नाही. माझंच रांधण्यात काहीतरी चुकत असेल.”

मी खुर्चीत गप्प बसलो. एरवीही गप्पच असतो, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

परत येताना तिनं देवळापाशी गाडी थांबवायला लावली. एकटीच आत गेली. बाहेर येऊन मागे बसली आणि माझ्या पाठीला म्हणाली, “देवाक सांगून इलंय. तुमची साखर ताळ्यार येय सर मी मासळी खावचंय नाय.”

ज्यांचं घर समुद्रापासून लांब आहे त्यांना याचं वजन कळायचं नाही. मंगलचं माहेर किनाऱ्यावरचं, वडलांची होडी. तिला पान वाढलं की आधी मासळी दिसावी लागते, भात नंतर. आणि त्यातही बांगडा, बांगड्यातही डोकं. “डोक्यातली चव शेपटीक नाय,” असं म्हणत ती डोकं फोडून चोखायची, काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावायची. तिच्या जेवणाचा तेवढा एक लाड होता. बाकी लाड तिचे कुणी केले नाहीत, मी तर नाहीच.

तुम्हाला वाटेल, यानंतर तरी मी थांबलो असेन. काही दिवस थांबलो. मग एका दुपारी कसालच्या हॉटेलात तळलेल्या सुरमईचं ताट मागवलं. ती सोडून बसली होती तेच मी खात होतो. हे वाक्य लिहायलाच मला एवढा वेळ लागला.

शिवेबाहेर

आमच्या गावात गावपळण असते. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवसांसाठी शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. शिवेपलीकडे झावळांच्या झोपड्या बांधायच्या, तिथेच रांधायचं, राहायचं. मागे गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. पुन्हा कौल मिळाला की मगच परत.

त्या वर्षी गावपळण आली. मंगलनं भांडी, अंथरुणं, माझ्या गोळ्या बांधल्या. दवाखान्यातून आल्यावर घेतलेलं साखर मोजायचं यंत्र तिनं माझ्याकडे दिलं होतं. ते मी कपाटात परत ठेवलं. शिवेबाहेर गेल्यावर म्हटलं, “विसरलंय.”

“आता काय करूचा?” तिचा जीव खालीवर झाला. मागे फिरता येत नव्हतं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. तीन दिवस मोजणारं कुणी नाही.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. तिथे कसालही नव्हतं, दुकान तीन दिवस बंद होतं. झोपडीला दार नाही, भिंत झावळाची. कोण काय खातो ते सगळ्या वाडीला दिसत होतं. चोरून खायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबल किनाऱ्यावरून ताजे बांगडे घेऊन आला. त्याच्या बायकोनं, सुगंधानं, मातीच्या भांड्यात तिखलं केलं. कालवणातल्या तिरफळांचा वास झोपड्या ओलांडून आला. सुगंधा एक ताटली घेऊन मंगलपुढे बसली.

“खा गो बाय. गावाच्या शिवेभायर नवस लागना नाय. देव थंय, तू हयसर.”

सगळे हसले. बाबल म्हणाला, “बरोबर आसा. देवान पण तीन दिवस सुटी घेतल्यान!”

मंगलही हसली. ताटलीकडे बघत म्हणाली, “देव थंय रवलो गो. पण साखर ह्यांच्या आंगात आसा, नि हे हयसर इलेत.”

तिनं ताटली माझ्यापुढे ओढली. मासा मला चालत होता, तळलेला नव्हता. माझं बोट गेल्यापासून तिला सवय लागली होती मला लहान पोरासारखं जपायची. तिनं बांगडा सोडवला, काटे काढले, गर माझ्या भाताशेजारी ठेवला. डोकं सुगंधाच्या ताटात परत टाकलं. मग उठून कळशी घेऊन व्हाळाकडे हात धुवायला गेली.

मी बघत होतो. व्हाळाच्या काठावर ती खाली बसली. पाण्यात हात घालायच्या आधी तिनं बोटं नाकाशी नेली. थोडा वेळ धरून ठेवली. मग धुतली.

मी हातातला घास परत पानात ठेवला.

व्हाळावर

मी उठून तिच्यामागे गेलो. ती कळशी भरत होती.

“मंगल, तुझा कायएक चुकाक नाय.”

“काय?”

“रांधपात. तुझ्या रांधपात कायएक चूक नाय. मी कसालाक खातंय.”

“काय खातास?”

“सगळा.”

कळशी भरून वाहायला लागली. तिनं ती बाजूला घेतली नाही. “सगळा म्हणजे? नावां घेवा.”

मी नावं घेतली. वडे, खाजा, कोंबडी, शिरापुरी. एकेक नाव तोंडातून काढताना दगड काढल्यासारखं. शेवटी म्हटलं, “सुरमय.”

“तळलेली?”

“व्हय.”

“कदी?”

“तू सोडल्यानंतर.”

ती दगडावर बसली. पलीकडे कुणाची तरी गाय हंबरत होती. मग तिनं विचारलं, “बरी होती?”

मी पाण्यातली कळशी बाजूला घेतली.

“इचारतंय ना. बरी होती काय सुरमय?”

“तुझ्या हातासारखी नाय.”

“ता माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “डॉक्टराच्या म्होरे मी माझी चूक म्हटलंय, तेव्हा तुमी थंयच बसलेले. आयकलात ना?”

“आयकलंय.”

ती उठली, कळशी कमरेवर घेतली आणि गेली. माझ्याशी बोलणं बंद. पान वाढलं, गोळ्या हातावर ठेवल्या, आणि बाबलच्या झोपडीत जाऊन बसली. बाबल मला म्हणाला, “काय रे दादा, वयनी आमच्याकडे? बोटाबरोबर जीभ पण दवाखान्यात ठेवन इलंस काय?” मी म्हटलं, “तसाच समज.”

कौल व्हायच्या दिवशी सकाळी ती येऊन समोर बसली. “डॉक्टरांक तुमी सांगतलात. नि देवाक पण तुमीच.”

“नवस तू केलेलो.”

“तुमच्या थापेर केलंय. आता सुटाक व्हयो तर खरा काय ता गाऱ्हाण्यात येवक व्हया.”

“सगळ्यांच्या देखत?”

“खाताना सगळ्यांच्या आड. मगे सांगताना देखत.”

कौल मिळाला. गाव परतलं. घरात शिरल्यावर तिनं पहिल्यांदा कपाट उघडलं. यंत्र जागेवर होतं, नीट पेटीत. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं, एवढंच विचारलं, “खंयचा बोट?” मी बोट पुढे केलं. आकडा वाईट होता. खरं कारण ठाऊक असताना दोघांनी मिळून बघितलेला तो पहिला आकडा.

होय म्हाराजा

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ते मनातल्या मनात नाही. गुरव मोठ्यानं सांगतो आणि उभे असलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणून साक्ष देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारळ घेऊन देवळात गेलो. गावपळणीनंतरची गर्दी होती. गुरवानं कान पुढे केला, “काय म्हणान घालू?” मी सांगितलं. त्यानं मान मागे घेऊन माझ्याकडे बघितलं. “ह्या सगळा मोठ्यान बोलू?”

“बोला.”

“बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान पथ्य पाळतंय म्हणान सांगल्यान...”

“होय म्हाराजा!”

“नि कसालाक जावन वडे खाल्ल्यान...”

“होय म्हाराजा!” सगळ्यात मोठा आवाज बाबलचा. लोक हसले. मीही खाली बघून हसलो असेन.

“तेच्या घरकारणीन ता खरा मानल्यान, नि तेच्यासाठी मासळी सोडल्यान...”

“होय म्हाराजा.” यावेळी कुणी हसलं नाही.

“तिचो कायएक दोष नाय. तिका नवसातसून मोकळी कर...”

“होय म्हाराजा!”

गुरव माझ्याकडे वळला, हळूच म्हणाला, “आणि तुका? तुझ्यासाठी काय मागू?”

मला त्या आहारतज्ज्ञ बाई आठवल्या. मी सांगितलं, आणि त्यानं जसंच्या तसं घातलं: “ह्येका आठवड्यातसून एक जेवाण, घरात बसान, बायलेच्या देखत खावक दी... नि बाकीचे दिवस बरी बुद्धी दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

मंगल बायकांच्या बाजूला उभी होती. तिचेही ओठ हलले.

डॉक्टरांनाही मीच सांगितलं. ते रागावले नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. मी आज आणखी औषध वाढवणार होतो.” माझ्या खोटेपणावर ते औषध देत होते.

तर आवडीचं जेवण घ्यावं की घेऊ नये? तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, प्रत्येकाचं शरीर वेगळं. माझ्यापुरतं सांगतो. मला ज्या जेवणानं खाल्लं ते परवानगीचं नव्हतं. परवानगी मी मोठेपणासाठी नाकारली होती आणि मग रोज चोरली. आता आमचा एक दिवस ठरलेला असतो. दोन वडे मला, दोन तिला. खोवणी भिंतीपासून पुढे येते. कधी कसालच्या नाक्यावर पाय अजून थांबतो, एकदोनदा आतही गेला. पण घरी येऊन सांगतो. ती म्हणते, “मगे ह्या आठवड्यात वडे नाय,” आणि विषय संपतो. साखर हळूहळू उतरली, पूर्ण ताळ्यावर अजून नाही. बाकीची बोटं शाबूत आहेत. त्यांना रोज आरशात बघतो, तळव्यासकट.

गाऱ्हाणं घातलं त्या दिवशी देवळातून परतताना रस्त्यावर मासेवाली बसली होती. मंगल थांबली. माझ्याकडे न बघता टोपलीतले बांगडे एकेक उचलून कल्ले बघत राहिली, किती वेळ. दुपारी तिखलं केलं. माझ्या पानात एक तुकडा वाढला, डोकं स्वतःच्या.

मी हात पुढे केला. “दी, काटे काढतंय.”

“नको,” ती म्हणाली. “माका काट्यांसकट व्हयो.”

तिनं डोकं फोडलं. सावकाश खाल्लं. काटे ताटाच्या कडेला लागत गेले, एकाला एक टेकून. मी माझी भाकरी संपवली आणि बसून राहिलो. जेवण झालं तरी ती उठली नाही. वाऱ्यावर हात सुकत होता, पाणी बाजूलाच ठेवलेलं होतं. पण तिनं हात धुतला नाही, बराच वेळ.